एका लहान शोधनिबंधाचे मोल

शास्त्रज्ञाच्या कार्याचे मोजमाप कसे करावे, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुढे आला. एखाद्या शोधनिबंधाचा आधार नंतरच्या किती निबंधांत घेतला गेला, याची पद्धतशीर नोंद ठेवावी, असे यूजीन गारफिल्ड यांनी 1955 साली सुचविले. 1964 मध्ये त्यांच्या संस्थेने अशी पहिली विज्ञानसूची प्रसिद्ध केली. तेव्हापासून संशोधकाची थोरवी आकड्यांत मांडण्याची प्रथा वाढत गेली. हे आकडे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे समजण्यासाठी प्रतिरक्षाविज्ञानातील मुंबईचे एक उदाहरण उपयोगी पडेल.

माणसांचे रक्तगट निरनिराळे असतात हे कार्ल लँडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले. तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर ए किंवा बी प्रतिजन असतो, दोन्ही असतात, किंवा दोन्ही नसतात. दोन्ही नसले की तो ओ गट होय. मात्र ओ गटाच्या पेशीही अगदी मोकळ्या नसतात; त्यांच्यावर एच नावाचा प्रतिजन असतो. तो सर्वच माणसांत असणार, अशी समजूत होती.

मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांना या समजुतीत न बसणारे रक्त आढळले. काही व्यक्तींच्या पेशींवर ए, बी व एच यांपैकी एकही प्रतिजन नव्हता. उलट त्यांच्या रक्तरसात तिन्हींविरुद्ध प्रतिपिंडे होती. साध्या तपासणीत असे रक्त ओ गटाचे भासते. परंतु अशा रुग्णाला ओ गटाचे रक्त दिले, तर त्याची प्रतिपिंडे दात्याच्या पेशी नष्ट करतात आणि रुग्णाचे प्राण संकटात येतात.

लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील रेस, सँगर, मॉर्गन व वॉटकिन्स या तज्ज्ञांच्या सहकार्याने हा शोध 1952 मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जेमतेम दोन पृष्ठांचा तो निबंध होता.

त्यातून पुढे बरेच उलगडत गेले. 1955 मध्ये फिलिप लेव्हिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका कुटुंबाची तपासणी केली. एका स्त्रीच्या पेशींवर बी प्रतिजन दिसत नव्हता. तरी बी जनुक तिच्याकडून मुलीकडे गेले होते. म्हणजे जनुक असूनही त्याचे कार्य प्रकट होत नव्हते. 1959 मध्ये वॉटकिन्स व मॉर्गन यांनी याची कारणमीमांसा मांडली: एच हा पाया आहे आणि ए व बी हे त्यावर चढणारे मजले होत. पायाच नसेल तर मजला कशावर उभा राहणार? 1990 मध्ये एच प्रतिजनाचे जनुक वेगळे करण्यात आले, आणि 1994 मध्ये बॉम्बे गटाच्या व्यक्तींमध्ये ते निकामी झालेले असते हे सिद्ध झाले.

मुंबईतही काम थांबले नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 1957 मध्ये तेथे रक्तगट संदर्भ केंद्र सुरू केले. भाटिया यांनी या केंद्रात दीर्घकाळ संशोधन केले. हेच केंद्र पुढे प्रतिरक्षा-रक्तविज्ञानाची राष्ट्रीय संस्था म्हणून वाढले. भेंडे यांचे नाव तर विकृतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकामुळे विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना परिचित झाले.

आता आधारांच्या मोजणीकडे वळू. एखादा शोध सर्वमान्य झाला की त्याचा मूळ निबंध उद्धृत करण्याची गरज कोणाला वाटत नाही. लँडस्टायनर यांचा निबंध पुढे ठेवून कोणी रक्तगट तपासत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रकाराला समावेशातून होणारा लोप म्हटले आहे. शोध ज्ञानात जितका मुरतो, तितका शोधकर्ता दृष्टीआड होतो. सूचीला हा लोप दिसत नाही. तिला फक्त आकडा घटलेला दिसतो.

बॉम्बे गटाचे असेच झाले. शहराचे नाव 1995 मध्ये अधिकृतपणे मुंबई झाले, पण रक्तगटाचे जुने नाव जगभर टिकून आहे. तीन संशोधकांची नावे मात्र क्वचितच घेतली जातात. तरीही भारतात सुमारे दहा हजारांत एक एवढ्या प्रमाणात आढळणाऱ्या या व्यक्तींचे रक्षण त्यांच्याच शोधामुळे होते. रक्तपेढीतील तंत्रज्ञ रुग्णाचा रक्तरस ओ गटाच्या पेशींबरोबर मिसळून पाहतो. पेशींचे पुंजके झाले की तो थांबतो, एच प्रतिजनाची वेगळी चाचणी करतो आणि त्याच दुर्मिळ गटाच्या दात्याचा शोध सुरू करतो. त्या क्षणी 1952 च्या निबंधाचाच आधार घेतला जातो. त्याची नोंद कोणत्याही सूचीत होत नाही. पण रुग्ण जिवंत घरी जातो.