ब्रँच कोणती, ते नंतर बघू

नीटचा निकाल लागून आठवडाही झालेला नसतो, आणि पालक समोर येऊन बसतात. "सर, पुढे रेडिओलॉजी बरी की त्वचारोग?" मुलाने अजून शवविच्छेदनाचं टेबलही पाहिलेलं नसतं. त्यात मी संशोधनाचं नाव काढलं की आईचा चेहरा उतरतो. म्हणजे हा दवाखाना टाकणार नाही?

महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रुग्ण तपासता तपासताच संशोधन केलं. कोकणात लाल विंचू चावला की माणूस घामाने निथळायचा, हातपाय गार पडायचे, फुप्फुसात पाणी साठून जीव जायचा. सरकारी आरोग्य केंद्रातले हे तरुण डॉक्टर अशा रुग्णांजवळ बसून लक्षणं टिपत राहिले. धोका आधी कसा ओळखावा, यावरचा त्यांचा लेख 1982 मध्ये 'लॅन्सेट'ने छापला. विषामुळे आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करायला त्यांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन वापरलं. तो लेख 1986 चा. मला सर्वांत भावतं ते पुढचं. 2011 मध्ये त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी 70 रुग्णांवर पुन्हा तुलना केली, आणि नुसत्या प्राझोसिनपेक्षा सोबत प्रतिविष दिलं तर रुग्ण लवकर सावरतो, हे स्वतःच मांडलं.

शल्यचिकित्सेतही तेच. स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढण्याआधी तिच्याभोवती लिग्नोकेन, म्हणजे दाताचे डॉक्टरही देतात ते भुलीचं इंजेक्शन, दिलं तर आयुष्य वाढतं का? टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने 11 केंद्रांतल्या 1,600 स्त्रियांवर हे तपासलं गेलं. 2023 मध्ये आलेलं उत्तर होकारार्थी होतं.

वाट अवघड नाही, लांब आहे. एमबीबीएसची साडेचार वर्षं, इंटर्नशिपचं एक, एमडी किंवा एमएसची तीन, सुपरस्पेशालिटी हवी तर आणखी तीन. 'आयसीएमआर'ची विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांची संशोधन योजना 1979 पासून आहे. एमबीबीएस करतानाच अर्ज करावा. एमडीला थिसिस करावाच लागतो. बरेच जण तो शेवटच्या महिन्यांत कसाबसा उरकतात. इंटर्नशिपही पीजीच्या क्लासला वाहिलेली. ज्या वर्षी वॉर्डात राहायचं, त्या वर्षी पोरं लायब्ररीत एमसीक्यू सोडवत बसतात. दोष त्यांचा नाही, जागाच कमी आहेत. पण नुकसान त्यांचंच होतं.

कॉलेज निवडताना इमारत नका बघू. ओपीडीत गर्दी आहे का, राऊंडला सर विद्यार्थ्यांना पोट तपासायला लावतात का, हे तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठून विचारा. 2019 च्या अभ्यासक्रमापासून पहिल्याच वर्षी रुग्णांशी गाठ पडते. तेव्हा पोरगं दिवाळीला घरी आलं की मार्कांआधी विचारा, रुग्ण कोणता पाहिलास? नाव सांगायचं नसतं, एवढं तोवर त्याला शिकवलेलं असेल.