टॉर्च घ्यायची, पण कोणती?

पावसाळा तोंडावर आला की होस्टेलवर दोन वस्तूंची चौकशी सुरू होते, छत्री आणि टॉर्च. छत्री घेताना फारशी अक्कल लागत नाही. टॉर्च घेताना लागते, कारण तिच्या डब्यावर वाट्टेल ते आकडे छापलेले असतात आणि नावापुढे 'टॅक्टिकल' लिहिलेलं दिसलं की आपण निम्मे गार होतो.

"मोबाईलला टॉर्च आहे की राव, वेगळी कशाला?" हा प्रश्न ठरलेला. असं विचारणाऱ्यांनी एकदा रात्री साडेदहाला, लाईट गेलेली असताना, मेसच्या मागच्या गवतातल्या पायवाटेने ब्लॉककडे येऊन बघावं. मोबाईलचा उजेड पायापुढे चार पावलं जातो आणि संपतो. आपल्याकडच्या चार मुख्य विषारी सापांपैकी मण्यार हा रात्रीच फिरणारा. त्याचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, त्यामुळे चावल्याचं कळायलाच उशीर होतो. घोणस पाचोळ्यात अशी मिसळून जाते की पाय पडेपर्यंत पत्ता लागत नाही. तेव्हा हा विषय नुसत्या हौसेचा नाही.

यंदा होस्टेल समितीने दोन्ही वॉचमन काकांना आणि प्रत्येक ब्लॉकला एकेक टॉर्च घ्यायचं ठरवलं आहे. पैसे होस्टेल फंडातले, म्हणजे आपल्याच खिशातले. नमुन्यादाखल दोन टॉर्च आल्या : कॉन्व्हॉय कंपनीची एस-टू प्लस आणि त्याच कंपनीची सी-एट. या दोन मॉडेलच्या वेगवेगळ्या एलईडीच्या बऱ्याच आवृत्त्या निघाल्या आहेत. आपल्या हातातल्या दोन्हींत क्री कंपनीचा एक्सएम-एल-टू हा एलईडी आहे. सेल एकच, १८६५०. आतला ड्रायव्हरही एकाच जातीचा. फरक फक्त डोक्याचा! एस-टू प्लस म्हणजे जेमतेम १२ सेंमी लांब, सरळसोट नळी. सी-एट साधारण १४ सेंमी, आणि तिचं तोंड धोतऱ्याच्या फुलासारखं पुढे रुंद झालेलं. प्रयोगशाळेत आपण एक चल बदलतो आणि बाकीचे स्थिर ठेवतो ना, तसा हा आयता प्रयोग समजा.

आधी त्या 'टॅक्टिकल'चं बघू. हा शब्द पोलिस आणि लष्कराकडून आला. एका हातात मावणारी धातूची नळी, मागच्या टोकाला अंगठ्याने दाबायचं बटन, भगभगीत उजेड आणि समोरच्याचे डोळे दिपवणारा लुकलुकता स्ट्रोब, असं हे प्रकरण. आपल्या कामाचं यातलं बटन आणि धातूची बॉडी. स्ट्रोबचा होस्टेलवर एकच उपयोग पाहिला आहे, तो म्हणजे झोपलेल्या रूममेटला छळणे. (फिट येण्याचा त्रास असलेल्याच्या बाबतीत ही गंमत नाही, हे सांगून ठेवतो.)

आता मुख्य मुद्दा. टॉर्चच्या डब्यावर लुमेनचा आकडा मोठ्ठा असतो. लुमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण प्रकाश, मग तो कुठल्याही दिशेला जावो. कँडेला म्हणजे एका दिशेला तो किती एकवटला आहे त्याचं माप. बागेत पाणी घालताना पाइपच्या तोंडाशी अंगठा धरला की धार लांब जाते, पण टाकीतलं पाणी काही वाढत नाही. लुमेन म्हणजे पाणी, कँडेला म्हणजे धार.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर खोलीतले दिवे घालवा आणि दोन्ही टॉर्च आळीपाळीने छताकडे धरा. पांढऱ्या छतावरून उजेड सगळ्या खोलीत पसरतो आणि दोन्हींमध्ये फरक जाणवत नाही. एलईडी आणि करंट तोच, म्हणजे लुमेन जवळपास तितकेच. आता याच दोन टॉर्च कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाच्या भिंतीवर मारा. एस-टू प्लसचा मोठा, मऊ कडांचा गोळा पडतो. सी-एटचा लहान आणि डोळ्यात खुपणारा ठिपका पडतो.

असं का? एलईडीचा पृष्ठभाग जितका झगझगीत असेल तितकाच झगझगीत तो आरशात दिसतो, त्याहून जास्त नाही. लांबून पाहणाऱ्याला परावर्तकाचं सगळं तोंड त्या झगझगाटाने भरलेलं दिसतं. म्हणून मधल्या झोताची तीव्रता तोंडाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढते. एस-टू प्लसच्या परावर्तकाचं तोंड साधारण २० मिमी व्यासाचं, सी-एटचं ४० च्या आसपास. व्यास दुप्पट, क्षेत्रफळ चौपट, म्हणून कँडेलाही सुमारे चौपट. पण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणाचा नियम इथे आडवा येतो. चौपट कँडेलाने पल्ला फक्त दुप्पट होतो.

पल्ल्याची व्याख्याही समजून घेण्यासारखी आहे. अमेरिकेत २००९ साली टॉर्चसाठी एफएल-१ नावाचं मानक आलं. त्यात पल्ला म्हणजे ज्या अंतरावर उजेड पाव लक्स उरतो ते अंतर. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेचं चांदणं. सूत्र सोपं : कँडेलाचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. समजा एका टॉर्चचे ६४०० कँडेला आहेत. वर्गमूळ ८०, पल्ला १६० मीटर. चौपट केले, म्हणजे २५,६०० कँडेला, तर पल्ला ३२० मीटर. डब्यावर हे भारी दिसतं. पण चांदण्यात तुम्हाला १६० मीटरवरची दोरी आहे की साप हे कळतं का? नीट ओळखू येण्यासाठी १० लक्स तरी हवा असं धरलं, तर ६४०० कँडेलाची टॉर्च फक्त २५ मीटरपर्यंत कामाची. दुसरी ५० मीटरपर्यंत. डब्यावरचा पल्ला वाचताना हे गणित मनात करावं.

याच मानकात सेल किती वेळ चालतो याचीही व्याख्या आहे. सुरू केल्यावर ३० सेकंदांनी जो उजेड असतो, त्याच्या १० टक्के उरेपर्यंतचा वेळ. म्हणजे पहिल्या पाच मिनिटांत उजेड निम्मा करायचा आणि पुढे रडतखडत तास भरायचे, हेही नियमात बसतं! आपण आपलं गणित स्वतः करावं हे बरं.

ते असं. या टॉर्चच्या ड्रायव्हरवर एएमसी-७१३५ या छोट्या आयसी समांतर जोडलेल्या असतात. प्रत्येकीतून ३५० मिलीअँपिअर. सहा असतील तर २.१ अँपिअर, आठ असतील तर २.८. सेल ३००० एमएएचचा धरला तर २.१ अँपिअरला साधारण सव्वा ते दीड तास आणि २.८ ला तासाभराच्या आसपास. मधल्या मोडला, समजा ३५ टक्क्यांना, चार तास. ५ टक्क्यांना एक अख्खा दिवस आणि वर थोडं. आता गंमत अशी की डोळा प्रकाशाचं माप सरळ रेषेत घेत नाही. पूर्णवरून ३५ टक्क्यांवर आलात तर उजेड जरासा कमी झाल्यासारखा वाटतो, पण वेळ जवळजवळ तिप्पट मिळतो. रोजच्या वापराला मधला मोड, हे वाक्य टॉर्चवर चिकटवून ठेवायला हरकत नाही.

ही आयसी लिनिअर जातीची आहे, म्हणजे वरचं व्होल्टेज ती चक्क जाळते. सेल ४.१ व्होल्टला असेल आणि एलईडीला ३.१ लागत असतील, तर मधला एक व्होल्ट उष्णता होऊन जातो. २.१ अँपिअरला ते दोन वॅट. सेलमधून निघाले ८.६ वॅट, एलईडीला पोचले साडेसहा. कार्यक्षमता साधारण ७६ टक्के. सेल उतरत जातो तशी ती सुधारते, हे जरा उफराटंच. शिवाय एलईडीला पोचलेल्यातलीही बरीचशी ऊर्जा उष्णताच होते. सगळं मिळून सहा वॅटच्या आसपास उष्णता, म्हणजे आपल्या २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नची पावपट, आणि ती मुठीत धरायची! सी-एटचं डोकं मोठं, धातू जास्त, हवा लागायला पृष्ठभाग जास्त, त्यामुळे ती सावकाश तापते. एस-टू प्लस पूर्ण उजेडावर काही मिनिटांत चटका लागेल इतकी तापू शकते. म्हणून एस-टू प्लस घ्यायची तर सहा आयसीवालीच घ्यावी असं माझं मत आहे. आठवालीने उजेड थोडा वाढतो, ताप मात्र फार.

कमी उजेडाचे मोड पीडब्ल्यूएमने मिळतात, म्हणजे एलईडी भराभर चालू-बंद होत असतो. वर्कशॉपला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. अशा लुकलुकत्या उजेडात फिरता लेथचा चक थांबल्यासारखा दिसू शकतो. लाईट गेल्यावर मशीन अजून फिरतंय की थांबलंय हे टॉर्च मारून ठरवू नये.

पायवाटेवर कोणती बरी? बेधडक एस-टू प्लस. सी-एटचा ठिपका पायाशी पडला की तेवढाच तुकडा लखलखतो, डोळ्याची बाहुली बारीक होते आणि बाजूचं गवत आणखीच काळं दिसतं. नेमकं बाजूचंच तर आपल्याला बघायचं असतं. एलईडी निवडायला मिळत असेल तर निळसर पांढऱ्यापेक्षा किंचित पिवळसर घ्यावा. निळसर उजेडात पाचोळा, माती आणि घोणस सगळं एकाच राखाडी रंगाचं वाटतं, पिवळसर उजेडात तपकिरी छटा वेगळ्या कळतात. डब्यावर रंगतापमान केल्विनमध्ये लिहितात. ६५०० म्हणजे निळसर, ४००० ते ५००० आपल्या कामाचं.

राजमाची किंवा हरिश्चंद्रगडच्या ट्रेकला धुक्यात टॉर्च मारून पाहिलेल्यांना माहीत असेल, समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते. धुक्याचे थेंब उजेड उलटा डोळ्यांवर फेकतात. अशा वेळी टॉर्च डोळ्यांपासून लांब, कमरेखाली धरावी आणि उजेड कमी करावा.

मग सी-एट बाद का? नाही. आपल्या मागच्या कंपाउंडची भिंत, पाण्याच्या टाकीचं शिडीचं टोक, पार्किंगचा पलीकडचा कोपरा, इथे जागचं न हलता बघायचं असेल तर एस-टू प्लसचा उजेड अर्ध्यात विरतो. रात्रीच्या राउंडला हेच काम असतं. वॉचमन काकांच्या गुडघ्यांचाही विचार करायला हवा की नाही?

खरी भीती टॉर्चपेक्षा सेलची आहे. १८६५० म्हणजे १८ मिमी व्यास, ६५ मिमी लांबी, आणि शेवटचं शून्य म्हणजे गोल नळीचा आकार. चांगल्या कंपन्यांचे या मापाचे सेल साधारण २५०० ते ३५०० एमएएचचे असतात. बाजारात ९९०० एमएएच छापलेले मिळतात, ते सरळ खोटे. तपासायची सोपी युक्ती : केमिस्ट्री लॅबच्या तराजूवर वजन करा. चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. तीस-पस्तीसच भरला तर आत काय आहे ते देवाला माहीत.

जुन्या लॅपटॉपचा पॅक फोडून सेल काढणारे महाभाग प्रत्येक ब्लॉकला दोन-तीन असतातच. त्यांना विनंती, मल्टिमीटर लावून बघा. वर्षभर पडून सेल २ व्होल्टच्या खाली गेला असेल तर तो पुन्हा चार्ज करायला जाऊ नका. आत तांबं विरघळून शॉर्ट होण्याची शक्यता असते. आवरण फाटलेला सेल वापरायचा नाही. सुटा सेल खिशात किल्ल्या आणि चिल्लर यांच्याबरोबर कधीच टाकायचा नाही, तिथे शॉर्ट झाला तर पँटला आग लागू शकते. प्लॅस्टिकची डबी मिळते, तीत ठेवावा. चार्जर ४.२ व्होल्टला आपोआप थांबणारा हवा, आणि रात्री गादीवर चार्जिंगला लावून झोपू नये. दोन्ही टॉर्च एकाच सेलवर चालतात ही मात्र जमेची बाजू. दोन सेल एकामागे एक लागणाऱ्या टॉर्चमध्ये एक सेल जास्त उतरला तर दुसरा त्याला उलटा चार्ज करू लागतो. ती भानगड इथे नाही.

तेव्हा समितीला माझी शिफारस अशी : ब्लॉकना एस-टू प्लस, पिवळसर एलईडीची, सहा आयसीची. वॉचमन काकांना सी-एट. सेल सगळ्यांना एकाच कंपनीचे, शिवाय दोन जास्तीचे, चार्ज करून डबीत घालून रेक्टर ऑफिसात ठेवावेत. चार्जरही तिथेच असावा. आणि खरेदी करायच्या आधी फिजिक्स लॅबमधला लक्समीटर मागून घ्यावा : ५ मीटरवरून ठिपक्याच्या मध्यावर लक्स मोजायचे, २५ ने गुणायचे, की कँडेला आले. लक्समीटर मिळाला नाही तर मोबाईलचा सेन्सरही चालेल. त्याचा आकडा नेमका नसतो, पण दोन टॉर्चमधलं प्रमाण बऱ्यापैकी सांगतो. कुणाला करून बघायचं असेल तर नमुन्याच्या दोन्ही टॉर्च सध्या मेस सेक्रेटरीकडे आहेत.