बाळगुटीतले वेखंड

बाळगुटीत वेखंडाचे किती वेढे द्यावेत, असे नव्या आया मला नेहमी विचारतात. माझे उत्तर असते : एकही नाही. घरातल्या आजीला ते आवडत नाही, आणि तिचा अनुभव मी हलका मानत नाही. म्हणूनच नुसते ‘नको’ म्हणून न थांबता कारण सांगतो.

वेखंडाचा उग्र वास येतो तो त्यातल्या हवेत उडून जाणाऱ्या तेलामुळे. या तेलात अल्फा-असारोन, अकोरोन, थोडा लिनालूल अशी अनेक द्रव्ये असतात. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते बीटा-असारोन. त्याचे प्रमाण वेखंड कोणत्या जातकुळीचे आहे यावर ठरते. उत्तर अमेरिकेतल्या वेखंडात गुणसूत्रांचे दोन संच असतात आणि त्याच्या तेलात बीटा-असारोन जवळजवळ नसतेच. युरोपातल्या तीन संचांच्या वेखंडात ते थोडे असते. भारतात मिळणाऱ्या चार संचांच्या वेखंडाच्या तेलात मात्र निम्म्याहून अधिक, पुष्कळदा ७० ते ८० टक्क्यांच्याही वर, बीटा-असारोनच भरते. दिसायला सगळी मुळे सारखीच. तेव्हा ‘परदेशात वेखंडाचा चहा पितात’ हा दाखला आपल्या वेखंडाला लागू पडत नाही.

१९६७ मध्ये जम्मूकडच्या वेखंडाचे तेल उंदरांना अन्नातून दिल्याच्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. उंदरांच्या लहान आतड्यात गाठी झाल्या होत्या. पुढच्याच वर्षी अमेरिकेने खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी घातली. युरोपात मद्यामध्ये बीटा-असारोन किलोमागे १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. उंदरांना झाले ते माणसाला तसेच होईल असे नाही. पण बीटा-असारोनचे यकृतात रूपांतर होऊन पेशींतल्या डीएनएला इजा करू शकणारे पदार्थ तयार होतात, आणि दोन महिन्यांच्या बाळाचे यकृत अजून पुरते तयार झालेले नसते. तिथे मी धोका पत्करणार नाही.

‘गुटी दिली की बाळ शांत झोपते,’ असे आजी सांगते. ते खरे असू शकते, आणि मला काळजी त्याचीच वाटते. असारोनने प्राण्यांना गुंगी येते हे प्रयोगांत दिसले आहे. गुंगीतले बाळ कमी दूध ओढते. मात्रा वाढली तर उलट्या होतात. सहाणेवर उगाळताना नेमकी मात्रा कोणालाच सांगता येत नाही, कारण प्रत्येक कांडीत तेल वेगळे. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्या. गुटी नको, मध नको, वरचे पाणीही नको.

आयुर्वेदात वचेचे, म्हणजे वेखंडाचे, शोधन सांगितले आहे, हे इथे मुद्दाम सांगावेसे वाटते. त्यात मूळ उकळतात आणि वाफेबरोबर तेलाचा काही भाग निघून जातो. आपल्या पूर्वजांनी या मुळाला जपून हाताळले. बाजारातून आणलेली कांडी तशीच उगाळणे ही ती परंपरा नव्हे. मोठ्या माणसांनीही वेखंड घ्यायचे तर वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यावे. गर्भवतींनी आणि अंगावर पाजणाऱ्यांनी ते टाळावे. फिट्सच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर आपल्या डॉक्टरांना आधी सांगावे.

न्हाऊ घातल्यावर बाळाच्या टाळूवर वेखंडाची पूड दाबायची पद्धतही सोडून द्या. पूड नाकातोंडात जाते, श्वासाबरोबर खाली उतरते. सर्दी हटत नाही, खोकला मात्र सुरू होतो.

बाटलीतले वेखंडाचे तेल तर आणखी जपून ठेवा. मुळात जे थोडेसे असते, ते तिथे एकवटलेले असते. निलगिरीचे तेल आणि कापूर यांनाही हाच नियम लावा. ते पोटात गेल्याने मुलांना झटके येऊ शकतात. मुलाने असे काही गिळले तर मीठ-पाणी पाजून उलटी काढू नका. उलटी होताना तेल फुप्फुसात जाऊ शकते. बाटली बरोबर घ्या आणि तडक रुग्णालय गाठा.

घरात वेखंड असेल तर ते धान्यात किंवा साड्यांच्या कपाटात ठेवा. बीटा-असारोनमुळे किड्यांची वीण खुंटते, त्यामुळे तिथे ते खरोखर उपयोगी पडते. कांड्या मात्र मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा.