शोधनिबंधाची पारख

वार्षिक परीक्षेच्या परीक्षकाजवळ उत्तरें आधींच असतात. तीं ताडून पाहिलीं म्हणजे त्याचें काम झालें. परंतु जी गोष्ट पूर्वी कोणीं सांगितलीच नाहीं, ती सांगणारा शोधनिबंध एखाद्या शास्त्रीय नियतकालिकाकडे आला, तर त्याची पारख कशी करावी? लंडनच्या रॉयल सोसायटीनें सन १८३२ च्या सुमारास निबंधांवर तज्ज्ञांचे लेखी अभिप्राय मागविण्यास आरंभ केला. तीच पद्धति वाढत जाऊन आज सर्वत्र रूढ झाली आहे.

निबंध आपल्या नियतकालिकाच्या कक्षेंत बसतो कीं नाहीं, हें संपादक प्रथम पाहतो आणि मग त्या विषयाच्या दोघां-तिघां जाणकारांकडे तो धाडतो. ह्या समीक्षकांचीं नांवें लेखकास बहुधा कळविलीं जात नाहींत, व त्यांस ह्या श्रमांचा मोबदलाही बहुधा मिळत नाहीं. समीक्षक चार गोष्टी पाहतो. हातीं घेतलेला प्रश्न नवा व महत्त्वाचा आहे काय? प्रयोगाची अथवा गणिताची रीत निर्दोष आहे काय? निष्कर्ष पुराव्यास धरून आहे, कीं त्याच्या पुढें धांवतो? आणि दुसऱ्या अभ्यासकास तेंच काम करून पाहतां येईल, इतकें लेखन स्पष्ट आहे काय? ह्यावरून निबंध घ्यावा, सुधारून घ्यावा, कीं परत करावा, अशी शिफारस तो सकारण लिहून देतो. अखेरचा निर्णय मात्र संपादकाचा.

ह्यांतील ‘सकारण’ हा शब्द किती मोलाचा आहे, हें एका घटनेवरून ध्यानांत येईल. जॉन जेम्स वॉटर्स्टन हा स्कॉटिश गृहस्थ मुंबईस ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारी उमेदवारांस शिकवीत असे. १८४५ सालीं त्यानें मुंबईहून रॉयल सोसायटीकडे एक निबंध पाठविला. वायूचे सूक्ष्म कण अविरत धांवत असतात, त्यांच्या आघातांनीं दाब उत्पन्न होतो व त्यांच्या गतीवर उष्णमान अवलंबून असतें, असें त्यानें गणितानें मांडलें होतें. एका समीक्षकानें तो सर्व निव्वळ मूर्खपणा ठरविला. दुसऱ्यानें लेखकाचें कौशल्य मान्य केलें, परंतु मूळ गृहीतकच नाकारलें. निबंध दप्तरांत पडून राहिला. सोसायटीच्या नियमामुळें तो लेखकास परतही मिळाला नाहीं. पुढें १८५७ सालीं क्लॉसियसनें व १८६० सालीं मॅक्सवेलनें ह्याच विचारावर कीर्ति मिळविली. १८८३ सालीं वॉटर्स्टन एडिंबरा येथें घराबाहेर पडला, तो परतलाच नाहीं. १८९१ सालीं लॉर्ड रॅले ह्यांस तो निबंध दप्तरांत सांपडला, आणि पुढच्या वर्षीं त्यांच्या प्रस्तावनेसह तो छापला गेला.

समीक्षकांनीं शंका घेतली, हा दोष नव्हे. नव्या विचाराची कसोटी कठोरच असावी. निबंधांत कांहीं उणिवाही होत्या. परंतु त्या नेमक्या दाखवून दुरुस्त करविणें हेंच समीक्षकाचें काम होय. ‘मला पटत नाहीं’ आणि ‘हें चूक आहे’ ह्या दोन वाक्यांत पुराव्याचें अंतर असतें. तें अंतर जो विसरतो, त्याचा शेरा शेराच राहतो, न्याय होत नाहीं.

तुमचा वर्गबंधु आपलें लेखन तुमच्या हातीं देईल, तेव्हां हें स्मरणांत ठेवा. आधीं त्याचें म्हणणें पूर्ण समजून घ्या. मग दोष दाखवा, व प्रत्येक दोषापुढें त्याचें कारण लिहा.