आतड्याचा कर्करोग : गुंठा विकण्याआधी एक तपासणी

जून 2022 मध्ये ‘एका औषधाने कॅन्सर गायब’ असा मेसेज आपल्या वस्त्यांतही फिरला. बातमी खोटी नव्हती, अर्धी होती. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात गुदाशयाच्या कर्करोगाच्या 12 रुग्णांना डोस्टारलिमॅब हे इंजेक्शन दिले आणि बाराही जणांची गाठ दिसेनाशी झाली. पण ते बाराही जण एका तपासणीवरून निवडलेले होते. मेसेजमधून नेमके तेच गळले.

पेशीची नक्कल होताना चुका होतात आणि त्या दुरुस्त करणारी प्रथिने पेशीतच असतात. ती बिघडली की गाठीत चुका साचतात, गाठ परकी दिसू लागते आणि शरीराचे पहारेकरी, म्हणजे टी-पेशी, तिच्याभोवती जमतात. गाठ मात्र त्यांचा ब्रेक दाबून धरते. इम्युनोथेरपी फक्त तो ब्रेक सोडवते, गाठीला स्वतः मारत नाही.

मोठ्या आतड्याचा कर्करोग शरीरभर पसरलेला असेल, तर अशा गाठी शंभरात चार-पाच. बाकीच्यांत पहारेकरी सहसा गाठीपर्यंत पोचलेलेच नसतात. गाडीत चालकच नाही, तर ब्रेक सोडून काय होणार? आणि त्या चार-पाचांतही हमी नाही. 2020 च्या मोठ्या अभ्यासात पेम्ब्रोलिझुमॅब घेतलेल्या अशा रुग्णांपैकी दहातल्या जवळपास तिघांचा आजार वाढतच गेला. काही वेळा आधी गुण येतो, मग गाठ आपली ओळखखूण पुसून पुन्हा लपते.

या इंजेक्शनांचा खर्च लाखांत जातो. नवलाख उंबरे परिसरात एमआयडीसीमुळे जमिनीला गिऱ्हाईक लगेच मिळते, म्हणून हे लिहावेसे वाटले. व्यवहार करण्याआधी डॉक्टरांना विचारा, “साहेब, एमएमआर तपासणी झाली का?” त्यासाठी बहुधा नवा तुकडा काढावा लागत नाही, बायोप्सीचा जपून ठेवलेला ब्लॉक पुरतो. रिपोर्टवर एमएलएच1, पीएमएस2, एमएसएच2, एमएसएच6 अशी चार नावे असतात. चारही शाबूत असतील, तर हे इंजेक्शन लागू पडण्याची आशा फार कमी. तेव्हा शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी यांवरच भर द्यावा लागतो. दुसरे मत घ्यायला परळच्या टाटा रुग्णालयात जाणार असाल, तर ब्लॉक आणि स्लाइड सोबत न्या. महात्मा फुले योजनेत काय बसते, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

एखादे प्रथिन नसल्याचे निघाले, तर हा दोष घराण्यात चालत आलेला असू शकतो. मग रुग्णाच्या सख्ख्या भावंडांनी आणि सज्ञान मुलांनीही डॉक्टरांना भेटावे. शौचातून रक्त जात असेल, तर मूळव्याध समजून थांबू नये.