रीडरचा आकडा वाचण्याआधी

बाळा, तळवड्याच्या लॅबमध्ये तू आता प्रमोटर मोजायला बसणार. आधी एवढं मनात पक्कं कर: रीडरवर दिसतो तो आकडा प्रमोटरचा नसतो, उजेड पाडणाऱ्या ल्युसिफरेज या प्रथिनाचा असतो. प्रमोटरने त्याला जोडलेलं ल्युसिफरेजचं जनुक चालू केलं, आरएनए बनला, प्रथिन बनलं, त्याला ल्युसिफेरिन, एटीपी, मॅग्नेशियम आणि ऑक्सिजन मिळाला, तेव्हा कुठे उजेड पडला. मध्ये काहीही बिघडलं तरी खापर प्रमोटरवर फुटतं.

म्हणून दुसरं ल्युसिफरेज सोबत लागतंच. काजव्याचं तुझ्या प्रमोटरखाली, तर रेनिला या समुद्री जीवाचं टीके (थायमिडिन कायनेज) सारख्या मंद प्रमोटरखाली. रेनिलाचं प्लाझ्मिड कमीच घाल, काजव्याच्या दहाव्या ते पन्नासाव्या हिश्शाइतकं. जास्त झालं तर दोन्ही प्रमोटर पेशीच्या एकाच यंत्रणेसाठी झगडतात. आणि नुसतं गुणोत्तर घेऊन खूश होऊ नकोस. रेनिलाचे मूळ आकडे वेगळे छापून बघ. औषध घातलेल्या वेलमध्ये रेनिलाच खाली गेलं असेल, तर तुझा वाढलेला प्रमोटर खोटा असू शकतो. प्रमोटर नसलेलं रिकामं प्लाझ्मिड प्रत्येक प्लेटवर हवंच.

औषधाची परीक्षा घेत असशील तर पीटीसी१२४ची गोष्ट लक्षात ठेव. काजव्याच्या ल्युसिफरेजवर बेतलेल्या चाचणीतून हा रेणू पुढे आला. 2009 मध्ये ऑल्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तो थेट ल्युसिफरेजलाच चिकटतो आणि पेशीत त्याला टिकवून धरतो, म्हणून उजेड वाढतो. त्यावर बराच वाद झाला. तू मात्र तेच औषध दुसऱ्या, कायम चालू असलेल्या प्रमोटरवर घालून बघ. तिथेही उजेड तेवढाच वाढला तर थांब, ती वाढ तुझ्या प्रमोटरची नाही. आणखी एक: साध्या ल्युसिफरेजचं पेशीतलं अर्धआयुष्य सुमारे तीन तासांचं असतं, त्यामुळे प्रमोटर बंद झाल्यावरही उजेड लगेच उतरत नाही. घसरण मोजायची असेल तर वेळा जवळजवळ घे.

आता हाताचं काम. अभिकर्मक फ्रीजमधून काढल्या काढल्या वापरू नकोस, खोलीच्या तापमानाला येऊ दे. गार असला की उजेड कमी पडतो. प्लेट पांढरी, अपारदर्शक घे. 20 मायक्रोलिटर लायसेट वेलच्या तळाशी सोडताना पिपेट दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबू नकोस, बुडबुडा होतो. पहिला इंजेक्टर काजव्याचा, दुसरा रेनिलाचा. कधी अदलाबदल नको. रेनिलाच्या अभिकर्मकातच काजव्याचा उजेड विझवणारी द्रव्यं असतात, त्याचा थेंबभर जरी पहिल्या नळीत राहिला तरी काजवा मंदावतो. काम संपलं की नळ्या पाणी, 70 टक्के अल्कोहोल, पुन्हा पाणी अशा धू. घाईत हेच राहतं, आणि पुढच्याचा दिवस वाया जातो.

पेशी कुणाच्या फ्लास्कमधून मागून आणू नकोस. पुण्यात गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस या पेशीविज्ञान केंद्राचा पेशीसंग्रह आहे, तिथून घे. तरीही मायकोप्लाझ्माची तपासणी चुकवू नकोस. तो पेशींचं वागणंच बदलतो आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही.

आणि आपल्या पट्ट्यात दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतात ती बहुधा गुरुवारी. इन्क्युबेटर आणि फ्रीझर बॅकअपवर आहेत का, हे पहिल्याच दिवशी विचारून घे. नसतील तर ट्रान्सफेक्शन शुक्रवारी लाव, शनिवार-रविवारी वाचन कर.