लांब इंग्रजी शब्दांची फोड

इंग्रजीच्या तासाला फळ्यावर बारा-पंधरा अक्षरांचा एखादा शब्द लिहिला गेला, की खेड्यातील शाळेत पुष्कळ मुलांचा धीर सुटतो. एकेक अक्षर घोकून स्पेलिंग पाठ करावयाचे आणि मधले एक अक्षर निसटले की सारा शब्द कोसळावयाचा, हा नित्याचा अनुभव आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकविले जाते. त्यामुळे ही धास्ती फार कोवळ्या वयात मनात शिरते आणि एकदा शिरली की हायस्कूलपर्यंत सोबत करते. तिच्यावरील उपाय मात्र मराठी व्याकरण शिकविणाऱ्या प्रत्येक शिक्षकाजवळ आहे. तो म्हणजे शब्दाची फोड.

शब्द लांब का होतो?

‘इंटरनॅशनलायझेशन’ हा शब्द घ्यावा. इंग्रजीत त्याची अक्षरे २० भरतात. त्याच्या मध्यभागी ‘नेशन’ म्हणजे राष्ट्र आहे. त्याच्या पुढे ‘इंटर’ हा उपसर्ग लागला आहे. मागे विशेषण करणारा, त्यावर क्रियापद करणारा आणि शेवटी भाववाचक नाम करणारा, असे तीन प्रत्यय ओळीने जडले आहेत. आता त्याच्याशेजारी मराठीतील ‘आंतरराष्ट्रीयीकरण’ हा शब्द लिहावा. मध्ये राष्ट्र, पुढे आंतर, मागे ईय आणि करण. दोन्ही शब्दांची बांधणी एकाच धर्तीची आहे, हे मुलांच्या सहज ध्यानात येते.

हे साम्य केवळ वरवरचे नाही. लॅटिनमधून इंग्रजीत आलेला ‘इंटर’ आणि संस्कृतातील ‘अंतर्’ हे एकाच प्राचीन मुळापासून निघाले आहेत. इंग्रजीतील नकारवाचक ‘अन’ आणि ‘अनिच्छा’, ‘अनादर’ या शब्दांतील ‘अन्’ यांचेही नाते तसेच आहे. ज्या मुलाला ‘अनिच्छा’ फोडता येते, त्याला ‘अनब्रेकेबल’ही फोडता येईल. ‘अन’ म्हणजे न, ‘ब्रेक’ म्हणजे फुटणे, ‘एबल’ म्हणजे शक्य असणे. अर्थात् जे फुटू शकत नाही ते. अकरा अक्षरांचे ओझे तीन तुकड्यांवर आले.

विक्रमी लांबीचे शब्द

इंग्रजीतील काही शब्द त्यांच्या लांबीमुळेच प्रसिद्ध झाले आहेत. वरच्या वर्गात त्यांचा कौतुकापुरता परिचय करून देण्यास हरकत नाही.

‘अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम’ हा २८ अक्षरांचा आहे. ‘एस्टॅब्लिश’ म्हणजे प्रस्थापित करणे, ‘डिस’ने ते रद्द होते आणि ‘अँटि’ने त्या रद्द करण्यास विरोध होतो. एखाद्या ख्रिस्ती धर्मसंस्थेला असलेली राजमान्यता काढून घेऊ नये, असे मानणारे मत हा त्याचा अर्थ. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटनमध्ये हा वाद खरोखरच पेटला होता. आयर्लंडमधील चर्चची राजमान्यता १८६९ च्या कायद्याने रद्द झाली आणि ती व्यवस्था १८७१ साली अमलात आली.

‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’ या शब्दात २९ अक्षरे आहेत. लोकरीचा पुंजका, किरकोळ वस्तू, शून्य आणि केस अशा अर्थांचे चार लॅटिन शब्द एकापुढे एक जोडून तो विनोदाने तयार केलेला आहे. अर्थ एवढाच, की एखाद्या गोष्टीला कवडीमोल समजणे. मराठी माणूस हेच ‘कस्पटासमान लेखणे’ या दोन शब्दांत सांगतो.

तिसरा शब्द ४५ अक्षरांचा : ‘न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्केनोकोनिओसिस’. अमेरिकेतील कोडी सोडविणाऱ्यांच्या एका संघाच्या अध्यक्षाने तो १९३५ साली मुद्दाम रचला. फुप्फुस, अति, सूक्ष्म, सिलिका, ज्वालामुखी आणि धुळीचा विकार, असे त्याचे सहा तुकडे होतात. शब्द गमतीखातर घडविला असला, तरी त्यात दडलेला ‘सिलिकोसिस’ हा रोग खरा आहे. दगडाची बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेल्याने तो जडतो. खाणकामगारांना तो होतोच. परंतु मध्य प्रदेशात मंदसौर येथे पाटीवरची पेन्सिल तयार करणाऱ्या कामगारांतही तो आढळून आला आहे. ज्या पेन्सिलीने मूल अक्षर गिरविते, तिच्या धुळीचे नाव या लांबलचक शब्दात सापडते, ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी.

शब्दखेळ खेळणारे काय करतात?

अमेरिकेतील आल्फ्रेड बट्स या वास्तुशिल्पज्ञाचे काम १९३० नंतरच्या मंदीत सुटले. त्या काळात त्याने एक शब्दखेळ रचला. वृत्तपत्रांच्या पानांवर कोणते अक्षर किती वेळा येते हे मोजून त्याने अक्षरांची संख्या व गुण ठरविले. १९४८ साली त्या खेळास ‘स्क्रॅबल’ हे नाव मिळाले. त्याच्या इंग्रजी संचात १०० सोंगट्या असतात. ‘ई’ हे नेहमी लागणारे अक्षर १२ वेळा असून त्यास १ गुण असतो. ‘क्यू’ व ‘झेड’ एकेकदाच असून त्यांना प्रत्येकी १० गुण असतात.

या पटावर आडव्या-उभ्या १५ च चौकटी असल्याने वर सांगितलेला एकही विक्रमी शब्द तेथे बसत नाही. खेळाडूच्या हाती एका वेळी ७ सोंगट्या असतात आणि त्या सर्व एकदम लावणाऱ्यास ५० गुण अधिक मिळतात. म्हणून जाणता खेळाडू ‘री’, ‘अन’, ‘इंग’, ‘अर’ असे उपसर्ग व प्रत्यय जुळवून ठेवतो आणि त्यांना योग्य मूळ शब्द शोधतो. अमेरिकेत १९२५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धेतही मुलास शब्दाचा अर्थ आणि तो मुळात कोणत्या भाषेतला, हे विचारण्याची मुभा असते. दोन्हीकडे घोकंपट्टीपेक्षा फोडीचे ज्ञान अधिक उपयोगी पडते.

वर्गात घ्यावयाचा पाठ

१. जुन्या दिनदर्शिकेच्या कोऱ्या बाजूची पत्ती कापून तीन ढीग करावेत. पहिल्यात ‘अन’, ‘री’, ‘डिस’ हे उपसर्ग. दुसऱ्यात ‘पॅक’, ‘प्ले’, ‘फिल’, ‘लाइक’, ‘युज’ हे मूळ शब्द. तिसऱ्यात ‘फुल’, ‘लेस’, ‘एबल’, ‘इंग’, ‘अर’ हे प्रत्यय.

२. मुलांनी गटागटाने पत्ती जुळवून शब्द करावेत. प्रत्येक तुकड्यास एक गुण द्यावा; मात्र अर्थ सांगता आला तरच. शंका आल्यास शब्दकोश पाहावा आणि तो मुलांनीच उघडावा.

३. ‘युज’ला ‘इंग’ जोडताना शेवटचे ‘ई’ गळते, हे फळ्यावर दाखवावे. मराठीत संधी होताना स्वर बदलतो, त्याची या वेळी आठवण करून द्यावी.

४. शेवटी ‘इंटरनॅशनल’ हा १३ अक्षरांचा शब्द लिहून त्याच्याच अक्षरांतून लहान शब्द काढावयास सांगावे. टिन, रेन, ट्रेन, नेल, लायन, लाइन, ऑइल असे शब्द तिसरी-चौथीच्या मुलांनाही सापडतात. मोठ्या शब्दाची भीती जाण्यास हा खेळ विशेष उपयोगी आहे.

एक सावधगिरी

फोड करताना अर्थाची साक्ष घेतलीच पाहिजे. ‘अंकल’ या शब्दाच्या आरंभी ‘अन’ची अक्षरे दिसतात, परंतु तेथे उपसर्ग नाही. याहून महत्त्वाचे उदाहरण ‘इन्फ्लेमेबल’ या शब्दाचे. ‘इनकम्प्लीट’ म्हणजे अपूर्ण, हे शिकलेले मूल ‘इन्फ्लेमेबल’चा अर्थ न पेटणारे असा करील. वस्तुतः तेथील ‘इन’ नकाराचा नाही आणि शब्दाचा अर्थ चटकन पेट घेणारे असा आहे. पेट्रोलच्या टँकरवर हाच शब्द रंगविलेला दिसतो. अशा घोटाळ्यामुळे जीव जाऊ नयेत म्हणून आता अनेक ठिकाणी ‘इन’ गाळून ‘फ्लेमेबल’ असेच लिहितात. रस्त्याकडेला थांबलेल्या टँकरजवळ काडी ओढणाऱ्यास या दोन अक्षरांचा खरा अर्थ ठाऊक असणे किती अगत्याचे आहे, हे निराळे सांगावयास नको.

औषधाच्या बाटलीवर, कीटकनाशकाच्या डब्यावर, विजेच्या खांबावर असेच शब्द मुलांच्या दृष्टीस रोज पडतात. त्यांतील दोन-तीन शब्द दर आठवड्यास मुलांनी पाटीवर उतरवून आणावेत आणि वर्गात त्यांची फोड व अर्थ पडताळून घ्यावा. वर्षाच्या अखेरीस शे-दीडशे शब्द वर्गाच्या मालकीचे होतील, आणि नवा लांब शब्द समोर आला असता तो कोठे फोडावा, हे मूल आपणहून पाहू लागेल.